मिशन रुग्णालयाला वायरमन हवा आहे

नैरोबी, कंपाला, दार-एस-सलाम आणि पूर्व आफ्रिकेतील इतर शहरांतल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस,



आपली-माझी ओळख नाही. माझी उमेदीची सगळी वर्षे महाराष्ट्रातल्या रुग्णालयांच्या देखभाल विभागात गेली. जनरेटर, पंप, बॉयलर, ऑटोक्लेव्ह, ड्रेनेज हे माझे विषय. निवृत्त झाल्यावर आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या मिशन रुग्णालयांविषयी मिळेल ते वाचत गेलो, तिकडे काम करून आलेल्या माणसांना गाठून बोलत गेलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आणि ती सांगायची तर आपल्यालाच सांगायला हवी, असे वाटले, म्हणून हे खुले पत्र.

आपल्यालाच अशासाठी, की आपण तिथे आहात. पंप, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या कंपन्यांत, साखर कारखान्यांत, बांधकामांवर आपली माणसे आहेत. मंडळाच्या गणपतीत मंडपाची वायरिंग कोण करते, ध्वनियंत्रणा बिघडली तर रात्री अकराला कोणाला उठवायचे, हे प्रत्येक मंडळाला ठाऊक असते. त्या माणसांची खरी गरज आपल्यापासून एका दिवसाच्या मोटारप्रवासावर आहे. आपण रक्तदान करता, अनाथाश्रमात धान्य देता, शाळेला वह्या देता. ते चालू राहावेच. पण ज्याच्या हातात पाना-पक्कड शोभते त्याला ब्लँकेट वाटायला उभे करण्यात त्या हातांचे मोल होत नाही, असे मला मनापासून वाटते.

खेड्यातले मिशन रुग्णालय कशावर अडते ते आधी सांगतो. डॉक्टरांची टंचाई असते, औषधांची असते. त्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. ज्याबद्दल कोणी लिहीत नाही ती टंचाई यंत्रघराच्या दारापाशी असते. रात्री एक बाई अडली आहे, सिझेरियन करायचे ठरले आहे, भूलतज्ज्ञ नर्स तयार आहे आणि वीज जाते. शेडमध्ये जनरेटर आहे, टाकीत डिझेल आहे. पण सुरू करणारी बॅटरी उतरलेली असते, कारण तिच्यात कित्येक आठवडे कोणी डिस्टिल्ड वॉटर घातलेले नसते आणि टर्मिनलवर पांढरे फूल धरलेले असते. कधी जनरेटर सुरू होतो, पण चेंजओव्हर स्विचचे एक काँटॅक्ट जळालेले असल्याने तीनपैकी दोनच फेजवर भार जातो आणि शस्त्रक्रियागृह नेमके तिसऱ्या फेजवर असते. डॉक्टरची यात चूक नसते. ऑपरेशन मोबाइलच्या उजेडात उरकले जाते आणि शेजारच्या खोलीत न्यूमोनियाच्या बाळाला लावलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद पडून ओरडत राहतो.

जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि इतर दोन संस्थांनी 2023 साली आरोग्यकेंद्रांतल्या विजेवर एक अहवाल काढला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत निम्म्या आरोग्यकेंद्रांना भरवशाची वीज नाही, असे त्यात नोंदवले आहे. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत मिळून सुमारे शंभर कोटी माणसे अशा केंद्रांवर अवलंबून आहेत, जिथे वीज नाही किंवा असून तिचा नेम नाही. आकडा मोठा आहे. पण एका रुग्णालयापुरते बघितले तर या अडचणीचा बराचसा भाग अर्थिंग, लूज कनेक्शन, गंजलेली केबल, चुकीचा फ्यूज, सोलर बॅटरीत न घातलेले पाणी अशा गोष्टींत वाटला गेलेला दिसतो. नवी वीजवाहिनी टाकणे सरकारचे काम. आलेली वीज टेबलावरच्या दिव्यापर्यंत नीट पोचवणे हे चांगल्या वायरमनचे काम.

पाण्याचे तेच. बोअरचा सबमर्सिबल पंप जळाला म्हणून महिनाभर नर्सबाई बादल्यांनी पाणी वाहतात. मोटर खरोखर जळालेली असते का, हे कोणी बघितलेले नसते. पुष्कळदा स्टार्टरमधला कपॅसिटर गेलेला असतो किंवा व्होल्टेज पडल्यामुळे ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होत असतो. टाकीचा बॉलकॉक अडकून रात्रभर पाणी वाहून जाते. जड पाण्यामुळे ऑटोक्लेव्हच्या हीटरवर चुन्याचा थर बसतो, हीटर फुटतो, आणि दाराचे रबरी गॅस्केट कडक होऊन वाफ सुटायला लागते. वाफ सुटली की दाब धरत नाही, दाब धरला नाही की तापमान गाठत नाही, आणि मग हत्यारे निर्जंतुक झाली की नाही हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. सर्जन हात आखडतो. ऑपरेशन पुढे ढकलले जाते आणि तीस मैल चालत आलेला माणूस परत जातो. एका गॅस्केटपायी.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले रॉबर्ट मॉल्किन यांनी या प्रश्नाचा मुळातून अभ्यास केला, आणि त्यांचे काम प्रत्येक मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवावे, असे आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने गरीब देशांतल्या रुग्णालयांमधल्या एक लाख बारा हजारांहून अधिक उपकरणांच्या नोंदी तपासल्या. सुमारे 38 टक्के उपकरणे बंद होती. इथवर वाचून हताश व्हायला होते. पण त्याच्या आदल्या वर्षीचा त्यांचा दुसरा अभ्यास बघा. अकरा देशांतल्या साठ गरीब रुग्णालयांतून दुरुस्तीसाठी आलेल्या 2,849 मागण्या त्यांनी घेतल्या आणि अट घातली, की परदेशातून सुटा भाग मागवायचा नाही, गावात मिळेल त्यातच काम करायचे. तरीही बंद यंत्रांपैकी 72 टक्के पुन्हा चालू झाली. त्यांतली बहुतेक, म्हणजे बंद यंत्रांपैकी 66 टक्के, चालू करायला केवळ 107 मूलभूत कौशल्ये पुरली. वीज, यंत्रकाम, वीजपुरवठा, प्लंबिंग, मोटर, आणि यंत्र नीट बसवणे व वापरायला शिकवणे या सहा गटांत ती सगळी मावली.

सहा गट पुन्हा वाचा. यात एमआरआयचा तज्ज्ञ कुठे आहे? आयटीआयचा फिटर आणि वायरमन यांचे हे रोजचे काम आहे. डाग देता येणे, मल्टिमीटरने सर्किट तपासता येणे, बेअरिंग काढून बसवता येणे, पाइपाला आटे पाडता येणे, फ्यूज का जातो हे शोधून काढणे आणि नुसता मोठा फ्यूज टाकून मोकळे न होणे. यातला शेवटचा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनेक यंत्रे मोडलेली नसतातच. ती कशी लावायची हे सांगणारा माणूस यंत्रासोबत आलेला नसतो, किंवा ज्या नर्सला शिकवले तिची बदली झालेली असते.

इथे दानाविषयी बोलणे भाग आहे. काही देशांत रुग्णालयांतली जवळजवळ 80 टक्के उपकरणे परदेशी दानातून किंवा परदेशी पैशातून आलेली असतात आणि दान आलेल्या उपकरणांपैकी जेमतेम 10 ते 30 टक्केच प्रत्यक्ष वापरात येतात, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच म्हटले आहे. अमेरिकेतून 110 व्होल्टचे यंत्र येते आणि पहिल्याच दिवशी 240 व्होल्टच्या सॉकेटमध्ये जाते. भारतातून गेलेले यंत्र 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झवर चालत असल्यामुळे विजेला जुळते, पण केनिया, युगांडा, टांझानियात ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी पिनांचे 13 अँपिअरचे सॉकेट असते. आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही. मग कोणीतरी वायरची टोके सोलून ती काडीने सॉकेटमध्ये खोचतो, आणि अर्थिंगची तार लोंबकळत राहते. ज्या यंत्राने जीव वाचायचा त्याचा शॉक बसतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की मंडळाने कोणतेही नवे यंत्र भेट देण्याचा विचार या वर्षी करू नये. रुग्णालयात असलेल्या यंत्रांकडे आधी जाऊ या.

हे कोणी करून दाखवले आहे का, असे विचाराल, तर आपल्याच शेजारचे उदाहरण देतो. उत्तर युगांडात गुलू शहराजवळ सेंट मेरीज हॉस्पिटल, लाचोर हे कॉम्बोनी मिशनचे रुग्णालय 1959 साली सुरू झाले. 1961 साली इटलीचे डॉ. पिएरो कोर्ती आणि कॅनडाच्या सर्जन ल्युसिल टीझडेल हे दोघे तिथे आले आणि उभे आयुष्य तिथेच राहिले. युद्धकाळात शस्त्रक्रिया करताना टीझडेल यांना एचआयव्हीची लागण झाली; 1996 साली त्या गेल्या. 2000 साली गुलूत इबोलाची साथ आली तेव्हा रुग्णालयाची धुरा सांभाळणारे युगांडाचे डॉ. मॅथ्यू लुकविया रुग्णसेवा करता करता 5 डिसेंबर 2000 रोजी त्याच रोगाला बळी पडले. ही तिन्ही नावे जगाला माहीत आहेत, आणि असायलाच हवीत.

चौथे नाव फारसे कोणी घेत नाही. ब्रदर एलिओ क्रोचे. उत्तर इटलीतल्या डोंगराळ भागातला हा माणूस पाद्री नव्हता, डॉक्टर नव्हता. तो तंत्रज्ञ होता. आधी कितगुमच्या मिशन रुग्णालयात आणि मग लाचोरमध्ये त्यांनी इमारती बांधल्या, विहिरी पाडल्या, पाणी आणि वीज चालू ठेवली, रुग्णालयाचा तांत्रिक विभाग सांभाळला. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीच्या दहशतीच्या वर्षांत आजूबाजूच्या गावांतली हजारो माणसे, मुलेबाळे रोज रात्री लाचोरच्या आवारात झोपायला यायची. इतक्या माणसांना प्यायला पाणी लागते, संडास लागतात, अंधारात दिवा लागतो. इबोलाच्या साथीत मृतांना पुरण्याचे काम अंगावर घ्यायला माणूस मिळेना, तेव्हा एलिओ ते काम करत होते. गुलूतल्या सेंट ज्यूड बालगृहातल्या मुलांचेही ते पालक झाले. नोव्हेंबर 2020 मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. डॉ. लुकवियांच्या मोठेपणात तसूभर उणे न करता मी म्हणेन, की लाचोर उभे राहिले ते डॉक्टर आणि मिस्त्री दोघे तिथे राहिले म्हणून.

केनियातल्या बोमेत काउंटीतले तेनवेक रुग्णालय 1937 सालचे. न्यांगोरेस नदीच्या धबधब्यावर रुग्णालयाचे स्वतःचे जलविद्युत केंद्र 1980 च्या दशकात उभे राहिले आणि शस्त्रक्रियागृहाचा दिवा डिझेलच्या भावावर अवलंबून राहिला नाही. प्रत्येक रुग्णालयाला धबधबा मिळत नाही, हे खरे. धबधबा वापरात आणणारी माणसे मात्र कुठेही जाऊ शकतात.

आता आपल्या मातीचा एक धागा, जो मला फार मोलाचा वाटतो. युगांडात गावोगावी जो हातपंप दिसतो, ज्याला तिथे यू-टू म्हणतात, तो आपल्या इंडिया मार्क टू पंपाचीच स्थानिक आवृत्ती आहे. आणि इंडिया मार्क टूचे मूळ महाराष्ट्रात आहे. पूर्वीचे बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले असत. अख्खे गाव त्यावर पाणी भरायला लागले की ते आठवड्यांत मोडत. जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमधल्या आणि सोलापुरात विहिरींच्या कामात असलेल्या मंडळींनी या मोडक्या पंपांवर डोके चालवले. पोलादाचे डोके, एकच भक्कम आस, साखळीवर चालणारा दांडा अशा रचना त्यांनी गावाच्या वर्कशॉपमध्ये, चुकत-सुधारत घडवल्या. जालना पंप आणि सोलापूर पंप ही नावे त्यातून पडली. बहात्तरच्या दुष्काळाने पाण्याची निकड सगळ्या राज्याला दाखवली. पुढे भारत सरकार आणि युनिसेफच्या पुढाकाराने त्याच धर्तीवर इंडिया मार्क टू तयार झाला आणि आफ्रिकेत गेला. मिशनच्या आवारात एखादा मिस्त्री काय करू शकतो याचा हा पुरावा आहे, आणि तो जालना-सोलापूरचा आहे. आपण गुलूजवळच्या एखाद्या गावात यू-टू पंपाचा दांडा हाती घ्याल तेव्हा हे जरूर आठवा.

कसे जायचे याबद्दल माझी मते ठाम आहेत आणि ती आपल्याला पटतील, असा विश्वास आहे.

बोलावल्याशिवाय जाऊ नये. केनियात ख्रिस्ती रुग्णालयांची चाक (CHAK) ही संघटना आहे, युगांडात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी दोन वैद्यकीय मंडळे आहेत, टांझानियातही अशी संस्था आहे. त्यांना पत्र लिहा, कोणत्या रुग्णालयाला कशाची गरज आहे ते विचारा आणि रुग्णालयाच्या प्रमुखाचे उत्तर येईपर्यंत थांबा. काम विनामोबदला असले तरी परदेशी माणसाला परवाना लागू शकतो. त्याची चौकशी आधी करा. विजेच्या कामाला त्या देशाचा परवानाधारक सोबत असावा.

पोचल्या पोचल्या काहीही दुरुस्त करू नये, असे मी म्हटले तर नवल वाटेल. पण पहिले दोन दिवस फिरून नोंद करण्यात घालवावेत. कोणत्या खोलीत किती व्होल्टेज मिळते, कोणत्या तासाला पडते, अर्थपिटचा रोध किती आहे, टाकीत पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, कोणते यंत्र कधीपासून कोणत्या कोपऱ्यात धूळ खाते. नोंदींची ही वही इंजिनिअरने एकट्याने भरू नये. प्रत्येक मिशन रुग्णालयात एक माणूस असतो, ज्याला सगळे मेंटेनन्स म्हणून हाक मारतात. त्याचा पगार बेताचा असतो, हत्यारे तुटकी असतात, आणि रुग्णालयाचा प्रत्येक नळ त्याला माहीत असतो. तो सांगेल ते खरे धरावे. आपण त्याच्या हाताखाली काम करायला आलो आहोत, हे पहिल्या चहाच्या वेळी त्याच्या साहेबांसमोर स्पष्ट म्हणावे. त्याच्याच हाताने गॅस्केट बसवले गेले पाहिजे. आपण फक्त कसे ते दाखवायचे. नाहीतर आपण परत फिरल्यावर पुढचे गॅस्केट कडक होईल तेव्हा पुन्हा आपली वाट बघितली जाईल, आणि तोवर ऑपरेशने थांबतील.

सुटे भाग नैरोबी-कंपालाच्या बाजारात मिळणारेच वापरावेत. मुंबईच्या लोहार चाळीतून नेलेला स्विच कितीही चांगला असला, तरी तो गेला की दुसरा तिथे मिळणार नाही. केबलचे रंग, फेज-न्यूट्रलची खूण, पाइपाचे माप तिथल्या पद्धतीने ठेवावे. बोर्डाच्या दाराला आतून सर्किटचा नकाशा चिकटवावा, इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत. हे काम कंटाळवाणे वाटते आणि नेमके हेच राहून जाते. नकाशाविना बोर्ड उघडणारा दुसरा माणूस अंदाजाने वायर काढतो.

आणि भिंत रंगवायला कोणी जाऊ नये. त्या गावात रंगारी आहेत, गवंडी आहेत, त्यांना त्या कामाची मजुरी हवी आहे. आपल्या हौशीपायी त्यांचा दिवस बुडता कामा नये. मंडळाने पैसे द्यायचेच असतील, तर त्या गवंड्याची मजुरी द्यावी, किंवा मेंटेनन्सच्या त्या माणसाला शिकायला पाठवावे. केनिया मेडिकल ट्रेनिंग कॉलेजात वैद्यकीय यंत्रांच्या तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. शेजारच्या झांबियात एनडोलाच्या नॉर्दर्न टेक्निकल कॉलेजातही असा अभ्यासक्रम आहे. एका तरुणाची फी भरणे हे दहा व्हीलचेअर देण्यापेक्षा अधिक टिकाऊ दान आहे, यात मला शंका नाही.

काही सभासद विचारतील, ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयात आपण का जायचे? त्याचे उत्तर तिथल्या ओपीडीच्या रांगेत आहे. गावाच्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या परिसरात दुसरे शस्त्रक्रियागृह नसते. रांगेत उभी असलेली गरोदर बाई कोणत्या देवाला मानते हे लाचोरने कधी विचारले नाही. मिरजेच्या वॉन्लेस रुग्णालयात आपल्या आजी-पणजीला कोणी विचारले नव्हते. मिरजेचे मिशन रुग्णालय 1894 सालचे. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या किती घरांतली माणसे तिथे बरी झाली, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष मागणी. प्रत्येक मंडळाने एकच रुग्णालय निवडावे आणि निदान तीन वर्षे तेच धरून ठेवावे. दर वर्षी नवे रुग्णालय, नवा फोटो असे नको. वर्षातून दोनदा, तीन-चार जणांचा गट, एक आठवडा. गटात एक वीज जाणणारा, एक पाणी आणि पंप जाणणारा, एक वेल्डर किंवा फिटर, आणि जमल्यास रुग्णालयातल्या यंत्रांवर काम केलेला एक जण. ज्या कंपनीत आपण नोकरी करता तिच्याकडे सुटीचे आठ दिवस मागा. जनरेटर आणि पंप विकणाऱ्या कंपनीला यात नाही म्हणायचे कारण नाही. नोंदींच्या वहीची एक प्रत रुग्णालयात राहील, दुसरी मंडळात. पुढचा गट ती वही वाचूनच निघेल. बदली होऊन परत भारतात येणाऱ्या सभासदाने जाण्याआधी आपली जागा दुसऱ्याला दाखवून द्यावी.

महाराष्ट्रातल्या निवृत्त तंत्रज्ञांनाही मी हेच सांगत असतो. ज्यांची तब्येत साथ देते, ज्यांना आयुष्यभर स्टार्टरच्या आवाजावरून मोटरचे दुखणे ओळखता आले, अशी पुष्कळ माणसे आज घरी बसून आहेत. त्यांची राहण्याची सोय आपल्या घरी झाली, तर ती येतील. मी स्वतः येईन. ऑटोक्लेव्ह आणि वाफेचे काम मला येते, गॅस्केट कापायची हत्यारे माझ्याकडे आहेत.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या. सभासदांच्या यादीत नावापुढे नोकरीचा हुद्दा असतो. त्याच्या शेजारी प्रत्येकाला हाताने कोणते काम येते ते लिहून घ्या. ती यादी तयार झाली, की जवळच्या मिशन रुग्णालयाला पत्र धाडा आणि उत्तराची एक प्रत मलाही पाठवा.



आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता